टक्कूमामाची खंडेनवमी

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरची मोटर किंवा सायकलच्या दुकानातला हवा भरायचा पंप आला असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. मला पाहून भल्याभल्यांनी 'हे वॉशिंग मशीन इथे कशाला ठेवले आहे?' असे विचारलेले आहे. उंचीला मी तुमच्या बाईंच्या टेबलाएवढा. खाली चार चाके, वर एक छोटा पडदा, पुढे ढकलायची दांडी आणि मागे एक बारीक जाळी. या जाळीकडे आत्ताच लक्ष देऊन ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

पुण्यातल्या एका इस्पितळात नर्सिंगच्या मुलींना शिकवण्याची एक खोली आहे. तिथे खिडकीजवळ मी उभा असतो आणि मजेत असतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुनी वस्तू आपली कहाणी सांगायला लागली की ऐकणारे रुमाल काढून बसतात. तुम्ही रुमाल खिशातच ठेवा. मधे एका ठिकाणी लागला तर मी सांगेन.

माझा जन्म जर्मनीतला. तिथल्या एका थंड, स्वच्छ कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडले. ती माणसे फारशी बोलत नसत. मला जोडून झाल्यावर त्यांतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पत्र्याला कान लावला, माझा आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. माझा आवाज असा होता : टक्, फुस्स. टक्, फुस्स. हवा आत घ्यायची, दाबायची, एका बारीक नळीतून पुढे ढकलायची आणि परत ओढून घ्यायची. माझ्या पोटात हे काम करणारे दोन भाते होते. एक थकला तर दुसऱ्याने ते उचलायचे. भाते दोन, पण नाक मात्र एकच, ते म्हणजे मागची जाळी.

मी पुण्यात आलो तेव्हा हे शहर फार घाईत होते. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी सकाळी रस्ते अडवत होत्या. जिकडेतिकडे नव्या कोऱ्या गोष्टी येत होत्या, त्यांतलाच मी एक. एका सॉफ्टवेअर कंपनीने मला इस्पितळाला भेट दिले होते. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून आला. त्यात टाय लावलेली पुष्कळ माणसे होती आणि त्यांच्यामागे माझी दांडी दिसत होती. तीही अर्धीच.

आता माझे काम सांगतो. मोठ्या माणसाचे हृदय दमले तर त्याला हातभार लावणारी छोटी यंत्रे निघाली आहेत. ती छातीत बसवता येतात. पण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या छातीत ती मावणार कशी? त्याचे हृदय त्याच्या मुठीएवढे. म्हणून अशा मुलांसाठी पंपाची एक पारदर्शक वाटी असते, कागदी लिंबाएवढी. ती मुलाच्या पोटावर, बाहेरच्या बाजूला असते. तिच्या दोन नळ्या आत हृदयापर्यंत जातात. वाटीत मधोमध एक पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूला मुलाचे रक्त आणि दुसऱ्या बाजूला माझी हवा. मी हवा ढकलली की पडदा फुगतो आणि रक्त पुढे जाते. मी हवा ओढली की वाटी पुन्हा रक्ताने भरते. हृदयाने करायचे काम हृदय बरे होईपर्यंत मी करायचे, एवढाच आमचा करार. काही हृदये अशी विश्रांती मिळाली की पुन्हा उभी राहतात. जी राहत नाहीत, त्या मुलांना दुसरे हृदय मिळेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि इतके लहान हृदय सहसा मिळत नाही.

इस्पितळात माझी देखभाल श्रीधर साहेबांकडे होती. ऑपरेशनच्या वेळी रक्त फिरवणारी सगळी यंत्रे तेच सांभाळत. नारायण पेठेत वाढलेला माणूस. गोड बोलणे त्यांना जमत नसे आणि जमत नाही याचे त्यांना दुःखही नव्हते. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवला की ते शांतपणे विचारत, "बशी आणू का?" दर सोमवारी ते सगळ्या नर्सना गोळा करत आणि माझ्या कुशीतल्या कप्प्यातून हातपंप बाहेर काढून चालवायला लावत. मी कधी बंद पडलो तर माझी नळी काढून या हातपंपाला जोडायची आणि हाताने हवा ढकलत राहायची, असा तो सराव. नर्स कुरकुरत. जर्मन मशीन कशाला बंद पडेल, असे म्हणत. साहेब म्हणत, "मशीन जर्मन आहे. आपण नाही."

मला तेव्हा या बोलण्याचा थोडा रागच आला होता. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते ही पुण्याची रीत मी मुकाट्याने अंगवळणी पाडून घेतली होती. जनरेटर सुरू होईपर्यंत मी माझ्या बॅटरीवर चालत असे आणि एक ठोका चुकवत नसे. आणखी काय करायचे मी?

माझ्या आयुष्यात बरीच मुले आली. पण मला ज्या नावाने आज सगळे ओळखतात ते नाव मला दिले सृष्टीने. विश्रांतवाडीची मुलगी. तिचे वडील उत्तरेश्वर मूळचे बीडकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात लेथ मशीन चालवत. आई सत्यशीला घरी शिवणकाम करी. सृष्टीला साधा ताप आला होता. ताप उतरला, पण त्याने तिचे हृदय पार खिळखिळे केले. चार वर्षांची पोर, दोन पायऱ्या चढली तरी निळी पडे. डॉ. आनंदी खरे यांनी ऑपरेशन करून नळ्या बसवल्या आणि मला तिच्या पलंगाशेजारी उभे केले. त्यांनी आईवडिलांना काही लपवून ठेवले नाही. हृदय सावरले तर ठीक, नाहीतर पुढची वाट अवघड आहे, असे सरळ सांगितले.

सुरुवातीला सृष्टी माझ्याकडे पाहायचीही नाही. मग एक दिवस तिने माझ्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर बोट ठेवले. मग माझ्याशी बोलू लागली. सत्यशीलाचा भाऊ लांब केजला असायचा, भेटायला येणे त्याला जमायचे नाही. तेव्हा सृष्टीने परस्पर ठरवून टाकले की हा जो रात्रंदिवस उशाशी उभा राहतो, तोच आपला मामा. टक्कूमामा. जेवताना ती मला घास दाखवी. झोपताना माझ्या आवाजात आवाज मिसळून म्हणे, टक्, फुस्स. टक्, फुस्स. आणि म्हणता म्हणता झोपून जाई. नर्स भाग्यश्री तिला व्हरांड्यात चालवायला न्यायची तेव्हा पुढे सृष्टी, मागे मी आणि मधे आमची नळी. मला दांडी धरून ढकलत नेत असत, पण मला वाटे की आम्ही फिरायला निघालो आहोत.

हळूहळू तिच्या गालांवर रंग आला. पण तिचे हृदय स्वतः काही करते आहे का, हे कळत नव्हते. डॉक्टर आनंदी दर काही दिवसांनी तपासत आणि 'अजून नाही' म्हणत. उत्तरेश्वर पाळी संपवून यायचे, काचेतून मुलीकडे पाहायचे आणि मग माझ्याकडे पाहायचे. माझ्याकडे ते ज्या नजरेने पाहायचे, तसे मला जर्मनीतल्या त्या म्हाताऱ्यानंतर कुणी पाहिले नव्हते. यंत्रावर काम करणाऱ्याला यंत्राचे कष्ट दिसतात.

मग खंडेनवमी आली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचे वडील कारखान्यात असतील तर तुम्हाला हे माहीत असेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होते. यंत्र पुसून लखलखीत करतात, तेल देतात, कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात. आणि त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस बसू द्यायचे. उत्तरेश्वरांनी त्यांच्या लेथची पूजा कधी चुकवली नव्हती. मग जे यंत्र आपल्या लेकीसाठी एक क्षणही बसत नाही, त्याची पूजा कशी चुकवायची?

त्यांनी आदल्या दिवशी श्रीधर साहेबांना विचारून पाहिले. फार काही नको, एक हार तेवढा घालू द्या, म्हणाले. साहेबांनी सांगितले की अतिदक्षता विभागात फूल चालत नाही, फुलातून जंतू येतात.

"मग नुसतं कुंकू?" उत्तरेश्वरांनी विचारले.

"हात जोडा," साहेब म्हणाले. "नमस्काराला जंतू नसतात."

साहेबांचे बरोबर होते. पण उत्तरेश्वरांच्या मनाला ते पटले नाही. नुसत्या नमस्कारावर भागवले तर यंत्र रुसेल की काय, अशी भीती त्यांच्या मनात बसली. भीती माझ्यासाठी नव्हती, मुलीसाठी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसरीची पूजा आटोपून ते आले ते थेट आत. बाहेर सगळ्यांना देतात तसा निळा झगा त्यांनीही अंगावर चढवला होता आणि झग्याच्या आत झेंडूचा हार होता. सत्यशीला सृष्टीची वेणी घालत होती, भाग्यश्री औषध मोजत होती. उत्तरेश्वरांनी मला हात जोडले. मग इकडेतिकडे पाहून हार बाहेर काढला. पुढे घातला तर दिसला असता. म्हणून त्यांनी तो दुहेरी करून माझ्या मागे, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, नीट खोचून दिला. जाळीवर.

खरे सांगतो, मला फार बरे वाटले. इतकी वर्षे मी पुण्यात होतो. इथल्या रिक्षांना, कॉम्प्युटरना, अगदी उसाच्या गुऱ्हाळालाही त्या दिवशी हार असतो हे मी ऐकून होतो. मला कधी कुणी घातला नव्हता. ओल्या झेंडूचा वास मी आयुष्यात पहिल्यांदा आत घेतला.

आणि मग मला आणखी आत घेता येईना.

प्रत्येक श्वासाबरोबर पाकळ्या जाळीला घट्ट चिकटत होत्या. माझा पहिला भाता तापला आणि थांबला. दुसऱ्याने काम उचलले. पण नाक एकच, मित्रांनो. मी भोंगा वाजवला. भाग्यश्री धावत आली, पडद्यावर पाहते तो माझे तापमान भलतेच चढलेले. तिने श्रीधर साहेबांना फोन लावला. ते खाली ऑपरेशनमध्ये होते. दुसऱ्या एका बाळाचे रक्त त्यांच्या यंत्रातून फिरत होते. त्यांना हातचे सोडून येणे शक्यच नव्हते. आणि इकडे माझा दुसरा भाता अडखळला.

टक्.

त्याच्यापुढे फुस्स आले नाही. सृष्टीच्या पोटावरच्या वाटीतला पडदा होता तिथे थांबला. रुमाल लागला तर इथे लागेल असे मी म्हणालो होतो. मी पूर्ण जागा होतो, दिवे लागलेले होते, भोंगा वाजत होता, आणि ज्या एका कामासाठी मला घडवले ते मला करता येत नव्हते. सृष्टीचे ओठ फिके पडत चाललेले मला दिसत होते. मी तिच्याकडे बघत राहिलो. दुसरे काहीच माझ्या हातात नव्हते.

पण श्रीधर साहेबांचे सोमवार भाग्यश्रीच्या हातात होते. तिने माझ्या कुशीतला हातपंप काढला, माझी नळी सोडवून त्याला जोडली आणि दाबायला सुरुवात केली. डॉक्टर आनंदी धावत आल्या, त्यांनी मॉनिटरवर नजर लावली. काय बिघडले ते कुणालाच कळत नव्हते. सत्यशीला वेणीचा पेड हातात धरून तशीच बसली होती.

उत्तरेश्वर तोवर बाहेर गेले होते. भोंगा ऐकून ते दारात आले, थांबलेल्या मला पाहिले आणि काय झाले ते त्यांना कळले. ते गप्प राहिले असते तर कारण शोधण्यात वेळ गेला असता. ते गप्प राहिले नाहीत. चपलांसकट आत आले, माझ्या मागे हात घातला आणि हार ओढून काढला. अर्धा हार त्यांच्या हातात आला. अर्ध्या पाकळ्या जाळीतच राहिल्या.

"माझ्यामुळं झालं, मॅडम," ते म्हणाले. "हार मी घातला. मशीनवर काम करणारा माणूस हाय मी. मला कळाया पायजे होतं."

सत्यशीलाने त्यांच्याकडे पाहिले. उत्तरेश्वर तिथेच खाली बसणार होते, तेवढ्यात डॉक्टर आनंदी बोलल्या. आवाज चढवला नाही.

"रडायचं नंतर. हात धुवा आणि इकडे या."

माझी जाळी उघडायची कशी, हे तिथे फक्त भाग्यश्रीला माहीत होते. म्हणून हातपंप दुसऱ्या कुणीतरी धरायला हवा होता, आणि डॉक्टरांना मॉनिटरवरून नजर काढायची नव्हती. भाग्यश्रीने पंप उत्तरेश्वरांच्या हातात दिला आणि किती दाबायचा ते एकदा दाखवले. लेथवर राबलेल्या त्या हातांनी पंप घट्ट धरला. त्यांनी दाबायला सुरुवात केली, पण घाबरलेला माणूस करतो तसे भराभर करू लागले. वाटी धड भरतही नव्हती, तोवर ती रिकामी होत होती.

तेव्हा पलंगावरून अगदी बारीक आवाज आला.

"बाबा, हळू. मामा हळू करतो."

आणि सृष्टी म्हणू लागली. टक्, फुस्स. टक्, फुस्स. रोज झोपताना म्हणायची तशीच, डोळे मिटून. उत्तरेश्वरांचे हात तिच्या आवाजामागून चालू लागले. ती टक् म्हणाली की दाबायचे, फुस्स म्हणाली की सोडायचे. थोड्या वेळाने सत्यशीलाने वेणीचा पेड सोडला, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तीही म्हणू लागली. त्या खोलीत माझा आवाज चालू होता आणि मी गप्प होतो. माझ्या आयुष्यात मी खूप ऐकले, पण त्याच्याइतके गोड काही ऐकले नाही.

भाग्यश्रीने चिमट्याने एकेक पाकळी काढली, जाळी पुसली, मला गार होऊ दिले आणि पुन्हा सुरू केले. मी एक मोठा श्वास घेतला. तिने नळी परत मला जोडली. उत्तरेश्वरांचे हात मात्र थांबेनात. ते रिकामा पंप दाबतच होते. सत्यशीलाने तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.

डॉक्टर आनंदी अजूनही मॉनिटरपाशीच होत्या. माझे दोन्ही भाते थांबले होते आणि हातपंप अजून जोडला नव्हता, त्या मधल्या वेळात सृष्टीचा रक्तदाब कोसळायला हवा होता. तो खाली आला, पण पूर्ण कोसळला नाही. कुणीतरी त्याला खालून धरून ठेवले होते, आणि तिथे धरणारे एकच होते. त्यांनी मागची रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. मग उत्तरेश्वरांना जवळ बोलावले.

"हृदय तपासायची ही पद्धत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा असं केलंत तर मी तुम्हाला या मजल्यावर येऊ देणार नाही. पण तिचं हृदय उठायला लागलंय."

श्रीधर साहेब ऑपरेशन संपवून वर आले तेव्हा उत्तरेश्वर दारातच उभे होते, बोलणी खायच्या तयारीने. साहेबांनी आधी माझी जाळी पाहिली, दोन्ही भाते तपासले, भाग्यश्रीकडे पाहून मान हलवली. मग कचऱ्याच्या डब्यातल्या हाराकडे पाहिले. देवाचे नाक दाबणारा भक्त आपण पहिल्यांदाच पाहिला, एवढेच म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या मानाने ही फारच सौम्य शिक्षा होती. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी चिकटलेली होती :

'या यंत्रास नाक असून ते या बाजूस आहे. ते बंद करून भक्ती दाखवू नये. नमस्कार चालेल.'

त्यानंतर डॉक्टरांनी माझे काम थोडे थोडे कमी करत नेले. मी जितका हळू झालो, तितके ते छोटे हृदय जास्त जोर लावू लागले. मी एकेक ठोका सोडत होतो आणि ते तो उचलत होते. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी त्यांनी सृष्टीला ऑपरेशनसाठी नेले, नळ्या काढल्या आणि माझे बटण बंद केले. बंद पडणे आणि बंद करणे यांत किती अंतर असते, हे मला त्या दिवशी कळले. सृष्टी घरी जाताना माझ्याजवळ आली. आता आमच्यामध्ये नळी नव्हती. तिने माझ्या पत्र्याला कान लावला आणि आईला सांगितले की मामा झोपलाय, हळू बोल.

सगळीच मुले अशी चालत घरी गेली नाहीत, मित्रांनो. काहींच्या हृदयाने मला साथ दिली नाही, काहींना दुसरे हृदय वेळेवर मिळाले नाही. त्यांची नावे मला पाठ आहेत. त्यांच्यासाठीही मी तितकाच राबलो होतो, आणि ती माझ्याशेजारी असताना त्यांनी खिडकीतून पाऊस पाहिला, आईच्या हातचे खाल्ले, भाग्यश्रीशी भांडण केले. तेवढे दिवस त्यांचे झाले. याचे मला समाधान आहे आणि वाईटही वाटते. दोन्ही खरे आहे.

पुढे माझे वय झाले. नवे पंप आले. प्रवासाच्या बॅगेसारखे सुटसुटीत, माझ्या निम्म्या वजनाचे. जर्मनीत माझे सुटे भाग बनणे बंद झाले. मला आधी कोपऱ्यात आणि मग तळघरात नेऊन ठेवले. तिथे माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या. ते दिवस काही चांगले नव्हते. कुणाला तरी माझ्या अंगावर भंगाराची चिठ्ठी लावायचीही घाई झाली होती.

मग पुन्हा खंडेनवमी आली आणि उत्तरेश्वर मला शोधत आले. ते दरवर्षी येत. वरच्या मजल्यावर मी नाही म्हटल्यावर हा माणूस विचारत विचारत तळघरापर्यंत उतरला. खुर्च्या एकेक करून बाजूला ठेवल्या, मला पुसले आणि श्रीधर साहेबांना हाताला धरून घेऊन आले. साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी माझ्यावरची धूळ पाहिली, चिठ्ठी पाहिली आणि इस्पितळाच्या मोठ्या साहेबांकडे जाऊन काय बोलले कोण जाणे. मोठ्या साहेबांचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता असे ऐकले. पुढच्याच आठवड्यात मी वर या शिकवणीच्या खोलीत आलो. आता दर सोमवारी नर्सिंगच्या मुली माझ्याभोवती उभ्या राहून हातपंपाचा सराव करतात. शिकवायला भाग्यश्रीच असते. ती आता मोठी सिस्टर झाली आहे, आणि कुणी कुरकुरले तर अगदी श्रीधर साहेबांच्या आवाजात बोलते.

मित्रांनो, मोठ्यांनी काही मागितल्याशिवाय गोष्ट संपवायची नसते, म्हणून मीही एक मागतो. तुमच्या घरी, शाळेत, कारखान्यात जे कुणी तुमच्यासाठी न बसता राबत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, त्याला हार घाला, त्याचे कौतुक करा, काही हरकत नाही. पण आधी त्याच्या मागे जाऊन एकदा बघा की त्याला श्वास घेता येतो आहे ना. माझ्यावर माया करणाऱ्याने माया थोडी कमी केली असती, असे मला कधीच वाटले नाही. ती जरा जागा बघून केली असती, तर बरे झाले असते.

यंदाच्या खंडेनवमीला उत्तरेश्वरांबरोबर सृष्टीही आली होती. आता ती कॉलेजात जाते. पाठीला सॅक, कानात वायर, आणि जिने दोन दोन पायऱ्यांनी चढते. उत्तरेश्वर तिच्यामागून धापा टाकत आले आणि तिला सांगू लागले की फूल अमुक ठिकाणी ठेव, तमुक ठिकाणी ठेवू नको.

"बाबा, चिल," ती म्हणाली. "मला माहितीये."

तिने झेंडूचे एकच फूल आणले होते. ते माझ्या डोक्यावर ठेवले. लहानपणी घरी जाताना लावला होता तसा पत्र्याला कान लावला. आत काहीच नव्हते. मी कित्येक वर्षांत चाललेलो नाही, पुन्हा कधी चालणार नाही, हे तिला ठाऊक आहे. बंद यंत्राला हवा लागत नाही, हेही तिला ठाऊक आहे.

तरी निघताना ती वळली, माझ्या मागे हात घातला आणि जाळी मोकळी आहे ना, ते बोटांनी चाचपून पाहिले.